२६ आठवडे संपत आले, मंदीत अनएम्प्लॉयमेंट वाढवून मिळतं का आणि कोणाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारं कामाच्या परवानगीचं कार्ड) फार्मा कंपनीत डेटाचं काम करत होता, ले-ऑफ झाला, २६ पैकी २१ आठवडे अनएम्प्लॉयमेंटचं, म्हणजे बेरोजगारी विम्याचं, बेनिफिट घेऊन झालेत, नोकरी लागत नाहीये, जो तो म्हणतोय मंदी आहे, तर पुढचे आठवडे वाढवून मिळतात का, आणि मधे महिनाभर नाशिकला सासूबाईंकडे जाऊन आलं तर चालेल का. नवरा एच-१बीवर (एका कंपनीशी बांधलेल्या नोकरीच्या व्हिसावर) आहे आणि त्याच्याही कंपनीत कुजबुज सुरू झालीये हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण त्यावरही बोलणार आहे. मी न्यू जर्सीत कामगारांच्या बाजूने अनएम्प्लॉयमेंटचे क्लेम आणि अपीलं बघते, त्यामुळे उदाहरणं इथलीच देते, बाकी राज्यांत तपशील थोडे बदलतात.

पहिलं म्हणजे मंदी आली की आठवडे आपोआप वाढतात हे डोक्यातून काढून टाका. ज्याला एक्स्टेंडेड बेनिफिट, इकडे सगळे ईबी म्हणतात (ग्रीन कार्डवाली ईबी-२ ईबी-३ नव्हे), तो १९७० च्या फेडरल कायद्यातला कायमचा प्रोग्रॅम आहे आणि तो तुमच्या अडचणीकडे बघून सुरू होत नाही, तुमच्या राज्याच्या आकड्याकडे बघून सुरू होतो. आकडा ठराविक रेषेच्या वर गेला की राज्य "ऑन" होतं, खाली आला की "ऑफ". ऑन नसेल तर तुमची केस कितीही खरी असो, ऑफिसातला माणूस कितीही चांगला असो, देण्यासारखं त्याच्या हातात काहीच नसतं.

२०२२-२३ चा टेकमधला ले-ऑफ आठवा. बे एरियातले, जर्सी सिटीतले कितीतरी मराठी लोक घरी बसले, लिंक्डइन उघडलं की हिरव्या रिंगवाले (म्हणजे नोकरी शोधतोय सांगणारे) फोटोच फोटो, पण २०२३ मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर ३.४ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता, म्हणजे कित्येक वर्षांतला सगळ्यात कमी, आणि तेव्हा ना कॅलिफोर्निया ऑन होतं ना न्यू जर्सी. तेव्हा मला रोज कोणीतरी विचारायचं की एवढी मंदी आहे तर एक्स्टेन्शन का नाही, आणि मला सांगावं लागायचं की मंदी तुमच्या क्षेत्रात आहे, राज्यात नाही.

आता रेषा कुठली ते सांगते, थोडं रुक्ष आहे पण एकदा समजून घ्या. एक आकडा असतो इन्शुअर्ड बेरोजगारीचा, म्हणजे विम्याखाली येणाऱ्या नोकऱ्यांच्या तुलनेत किती लोक सध्या रेग्युलर, म्हणजे ईबीच्या आधीचं नेहमीचं, बेनिफिट घेतायत. त्याची १३ आठवड्यांची सरासरी ५ टक्के किंवा जास्त हवी आणि शिवाय मागच्या दोन वर्षांतल्या त्याच काळाच्या सरासरीच्या १२० टक्के तरी हवी, हे सगळ्या राज्यांना बंधनकारक. दुसरा आकडा आपण बातम्यांत ऐकतो तो, एकूण बेरोजगारीचा. त्याची तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा वर आणि मागच्या दोनपैकी एखाद्या वर्षाच्या त्याच काळाच्या ११० टक्के तरी असेल तरी ऑन होता येतं, पण हा दुसरा मार्ग राज्याने स्वतःच्या कायद्यात घेतलेला असावा लागतो. न्यू जर्सीने घेतलाय, बऱ्याच राज्यांनी घेतलेला नाही, किंवा केंद्र सगळा खर्च देतंय तेवढ्यापुरताच घेतला आणि नंतर सोडून दिला. एरवी ईबीचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा करतात, तिथेच गोम आहे.

दोन्ही आकड्यांत फरक मोठा आहे. पहिल्यात फक्त रेग्युलर बेनिफिट घेणारे मोजतात, म्हणजे ज्याचे २६ आठवडे संपले तो त्यातून गळतो, ज्याला मुळात क्लेमच करता येत नाही असा एच-१बीवाला त्यात येतच नाही, आणि ज्या राज्यात आठवडेच कमी, फ्लोरिडासारखं १२ वर आणून ठेवलेलं, तिथे लोक लवकर गळतात आणि आकडा छान दिसतो. म्हणजे जिथे मदत आधीच तुटपुंजी तिथेच वाढीव मदत सुरू व्हायला सगळ्यात अवघड. हा कायदा मला ह्या एका बाबतीत फार खटकतो.

आणि ते १२० टक्के, ११० टक्के प्रकरण. आकडा नुसता मोठा असून भागत नाही, वाढत असायला लागतो. ताप १०२ वर तीन दिवस टिकून राहिला म्हणून डॉक्टरने "वाढत नाहीये ना, मग औषध बंद" म्हणावं तसं. २००८ नंतर नेमकं हेच व्हायला लागलं, बेरोजगारी वरच्या पातळीवर अडकून पडली पण दोन वर्षांपूर्वीपेक्षा वाढलेली दिसेना, म्हणून २०१० च्या डिसेंबरात काँग्रेसने (इथल्या संसदेने) तीन वर्षं मागे बघायची तात्पुरती सूट दिली, तरीही २०१२ मध्ये एकेक करत राज्यं ऑफ होत गेली आणि तेव्हा लोकांना नोकऱ्या मिळाल्या होत्या असं काही नव्हतं.

तुमचं राज्य ऑन आहे का हे शेजाऱ्याला विचारू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच. फेडरल लेबर डिपार्टमेंट दर आठवड्याला ट्रिगर नोटीस काढतं, त्यात राज्याच्या नावापुढे सरळ लिहिलेलं असतं. एकदा ऑन झालं की कमीत कमी १३ आठवडे ऑन राहतं, ऑफ झालं की कमीत कमी १३ आठवडे परत ऑन होत नाही. आणि राज्य ज्या आठवड्यात ऑफ होतं तिथेच तुमचे पैसे थांबतात, तुमच्या खात्यावर अजून पाच आठवडे शिल्लक दिसत असले तरी. लोकांना हे पटत नाही, "माझे शिल्लक आहेत ना" म्हणतात, पण ईबीत शिल्लक म्हणजे हक्क नाही.

राज्य ऑन आहे असं धरू. मग तुम्ही बसता का? मुख्य अट म्हणजे रेग्युलर बेनिफिट संपलेलं पाहिजे. संपलेलं म्हणजे एकतर शिल्लक शून्य, किंवा क्लेमचं ५२ आठवड्यांचं बेनिफिट इयर संपलं आणि नवीन क्लेम उघडण्याएवढी कमाई मधल्या काळात झालेली नाही. पण ह्यात तारखांचा खेळ आहे. समजा तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात क्लेम केला, जुलैच्या सुरुवातीला २६ आठवडे संपले आणि राज्य सप्टेंबरात ऑन झालं, तर तुम्हाला सप्टेंबरपासून मिळू शकतं, कारण तुमचं बेनिफिट इयर डिसेंबर अखेरपर्यंत जिवंत आहे. मधले जुलै ऑगस्ट गेले ते गेले, मागचे मिळत नाहीत. तेच राज्य पुढच्या फेब्रुवारीत ऑन झालं तर तुमचं वर्ष आधीच संपलेलं असल्यामुळे ह्या क्लेमवर काही नाही. म्हणून आज तुमच्या पोर्टलवर जाऊन बेनिफिट इयर कधी संपतंय ती तारीख लिहून ठेवा, लोकांना शिल्लक पाठ असते पण ही तारीख माहीत नसते.

नवीन क्लेमचं पण बघा. वर्ष संपल्यावर तुम्ही नव्या रेग्युलर क्लेमला पात्र ठरत असाल तर आधी तो, ईबी नंतर. ऐकायला बरं वाटतं, पण मधे कोणी स्टोअरमध्ये आठवड्याचे दोन दिवस काम केलं असेल तर नवा क्लेम त्या छोट्या पगारावर ठरतो आणि आठवड्याची रक्कम धाडकन खाली येते. ह्यात आपल्याला निवडायला फारसा वाव नसतो, फक्त आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी अट कामाची. क्लेम ज्या कमाईवर ठरला त्या बेस पिरियडमध्ये २० आठवडे फुल टाइम विम्याखालचं काम हवं, किंवा त्याच्या बरोबरीची कमाई, जी राज्य ठरवतं: कुठे आठवड्याच्या बेनिफिटच्या ४० पट, कुठे सगळ्यात चांगल्या तिमाहीच्या दीडपट. तुम्ही वर्षभर पूर्णवेळ होता त्यामुळे प्रश्न नाही. पण थोडे आठवडे भरपूर पगारावर काम करून रेग्युलर क्लेम मिळवलेले कॉन्ट्रॅक्टवाले इथे अडकतात, रेग्युलर मिळालं म्हणून ईबी मिळेलच असं नसतं. आधी स्वतःहून नोकरी सोडल्यामुळे किंवा गैरवर्तनामुळे डिसक्वालिफाय झालेला माणूस, ज्याची शिक्षा नुसते आठवडे उलटून संपली, तोही अडकतो, त्याने मधे परत काम केलेलं असावं लागतं.

किती मिळतं? आठवड्याची रक्कम रेग्युलरएवढीच. एकूण रेग्युलरच्या निम्मं, जास्तीत जास्त १३ आठवडे. न्यू जर्सीत जेवढे आठवडे बेस पिरियडमध्ये काम केलंत तेवढे आठवडे रेग्युलर मिळतं, कमाल २६. समजा आठवड्याला ६०० डॉलर आहेत आणि २६ आठवडे, म्हणजे एकूण १५,६०० आणि ईबी ७,८००, पूर्ण १३ आठवडे. ज्याचे २२ च आठवडे होते त्याला ११. बेरोजगारी फारच वाढून एकूण दर ८ टक्क्यांवर गेला (आणि ती ११० टक्क्यांची अटही पुरी होत असली) तर ५० ऐवजी ८० टक्के, कमाल २० आठवडे, पण तेही ज्या राज्याने तो दुसरा मार्ग घेतलाय तिथेच.

लोक म्हणतात, अहो २०१० मध्ये ९९ आठवडे मिळत होते. मिळत होते, पण तो सगळा ईबी नव्हता. २६ रेग्युलर, २० ईबी आणि ५३ आठवडे एका वेगळ्या फेडरल इमर्जन्सी प्रोग्रॅमचे जो २००८ च्या जूनमध्ये आला आणि २०१३ च्या शेवटी संपला. कोविडमध्येही तसंच, २०२० च्या मार्चमधल्या केअर्स ॲक्टने आधी १३ आठवडे दिले, नंतर ते वाढवले, वरून आठवड्याला ६०० आणि पुढे ३०० डॉलर, आणि सप्टेंबर २०२१ च्या लेबर डेला सगळं बंद. निम्म्याच्या आसपास राज्यांनी तर त्याआधीच, जून-जुलैत, गाशा गुंडाळला. हे प्रोग्रॅम काँग्रेसने मतदान केलं तरच येतात. एडिसन-इसलिनला घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या काकूंना किंवा उबर चालवणाऱ्यांना २०२० मध्ये जे मिळालं तेही असंच खास कायद्याने, धंदा टॅक्समध्ये दाखवलेला होता म्हणून. नेहमीच्या ईबीत स्वतःचा धंदा करणारा बसत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक ईबी गमावतात तिकडे येते, ते म्हणजे काम शोधणं. रेग्युलरमध्ये तुम्ही म्हणू शकता की मी क्लिनिकल डेटाचं काम करते, त्याच लायकीचं आणि साधारण तेवढ्याच पगाराचं काम शोधतेय, आणि ऑफिस काही काळ तरी ते मानतं. ईबीत ही सवलत जवळपास जाते. तुमच्या अंगात करायची ताकद आहे असं कुठलंही काम, ज्याचा पगार तुमच्या आठवड्याच्या बेनिफिटपेक्षा जास्त आहे आणि मिनिमम वेजच्या खाली नाही, ते "योग्य काम" धरलं जातं. वेअरहाऊस असो, फार्मसीचं काउंटर असो, शाळेतलं लंच एडचं असो. तुमच्या क्षेत्रात लवकरच काम मिळण्याची शक्यता चांगली आहे असं ऑफिसने ठरवलं तर जुनाच नियम लागू राहतो, पण मंदीत तसं कितीदा ठरणार. कोणी विचारतं, मी दहा वर्षं लीड होते, मी पॅकिंगला जाऊ? जायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण नाकारलंत आणि ती ऑफर लेखी होती किंवा राज्याच्या रोजगार सेवेकडे नोंदलेली जागा होती, तर ईबी बंद आणि परत सुरू व्हायला चार आठवडे काम करून आठवड्याच्या बेनिफिटच्या चौपट कमाई दाखवायला लागते, वरच्या उदाहरणात २,४०० डॉलर. तोंडी "येतेस का दुकानात" हे ह्यात येत नाही, घाबरून जाऊ नका.

शिवाय दर आठवड्याला काम शोधल्याचा पुरावा लागतो. कायद्याची अपेक्षा अशी की पद्धतशीर आणि सतत प्रयत्न, आणि दाखवता येईल असा कागद. एका शीटमध्ये तारीख, कंपनी, जागा कुठली, कसं अप्लाय केलं, कोणाशी बोलणं झालं, काय उत्तर आलं, आणि कन्फर्मेशनचे ईमेल एका फोल्डरमध्ये. रविवारी रात्री बसून पाच ठिकाणी क्लिक केलं आणि बाकी आठवडा मोकळा, हे "सतत" मध्ये बसत नाही. सुनावणीत मी बघते ना, ज्याच्याकडे शीट आहे त्याची केस दहा मिनिटांत संपते आणि ज्याच्याकडे नाही तो आठवून आठवून सांगत बसतो आणि तारखा चुकतात.

कुठलं राज्य लागू होतं ह्याचाही घोळ होतो. तुम्ही राहता कुठे हे नाही, पगार कुठल्या राज्यात झाला ते राज्य पैसे देतं. एडिसनहून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्याचा क्लेम न्यू यॉर्कवर, म्हणून न्यू यॉर्क ऑन पाहिजे. आणि ले-ऑफनंतर भाडं परवडत नाही म्हणून कोणी भावाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेला आणि तिथून क्लेम चालवला, ते दुसरं राज्य ऑन नसेल, तर ईबीचे फक्त पहिले दोन आठवडे मिळतात. मुक्काम हलवण्याआधी हे बघा.

आता तुमच्या व्हिसाचं. अनएम्प्लॉयमेंटला दोन वेळा काम करायची परवानगी लागते, कमाई केली तेव्हा आणि आता प्रत्येक आठवड्याला. ग्रीन कार्ड असेल तर विषयच नाही. एच-४ ईएडी, एल-२ (एल-१वाल्याचा जोडीदार), किंवा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) पेंडिंगवरची ईएडी, कामाच्या परवानगीची मुदत चालू असेल तोवर चालतं, कारण तुम्ही कुठल्याही कंपनीत उद्या रुजू होऊ शकता. मुदत संपली तर ते आठवडे बाद. पूर्वी रिन्यूअल वेळेत टाकलं की बऱ्याच जणांना आपोआप मुदतवाढ मिळायची, ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या रिन्यूअलना ती बंद झालीये, म्हणून तुमच्या कार्डाची तारीख बेनिफिट इयरच्या तारखेशेजारीच लिहा. ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची शिक्षणाशी निगडित कामाची परवानगी) काम केलेल्या मुलांचा पगार बहुतेक वेळा ह्या विम्याखाली येतच नाही, त्यांनी आधी ते तपासावं.

नवऱ्याचं मात्र वेगळं. एच-१बीवर नोकरी गेली की ६० दिवसांपर्यंत देशात राहता येतं पण नवीन पिटिशनशिवाय कुठेही काम करता येत नाही, म्हणून बहुतेक राज्यांत तो "कामाला उपलब्ध" धरला जात नाही आणि रेग्युलरच मिळत नाही, ईबी तर लांबच. न्यू जर्सीत तर पेस्टबवर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही ह्या विम्याचे पैसे कापलेले दिसतात, लोक म्हणतात आम्ही भरले ना, आणि त्यांचा राग मला समजतो, पण उपलब्धतेची अट त्याने टळत नाही. त्याच्याकडे आय-४८५ वरची ईएडी असेल तर गोष्ट बदलते. आणि तुमचा एच-४ त्याच्या एच-१बीवर उभा आहे, त्यामुळे त्याची नोकरी गेली तर तुमच्या क्लेमआधी इमिग्रेशन वकिलाला फोन. ग्रीन कार्डाला पब्लिक चार्जचा (सरकारी मदतीवर जगणारा म्हणून अर्ज नाकारण्याचा) त्रास होईल का ही भीती काढून टाका, अनएम्प्लॉयमेंट हा कमावलेला बेनिफिट आहे, त्यात मोजत नाहीत.

नाशिकला जरूर जा. पण त्या आठवड्यांचे पैसे घेऊ नका. भारतात असताना तुम्ही इथे कामाला उपलब्ध नाही, एवढं साधं आहे. तिथून लॉगिन करून सर्टिफाय केलं (म्हणजे ह्या आठवड्यात मी कामाला उपलब्ध होते असं पोर्टलवर लिहून दिलं) की बाहेरच्या देशाचा आयपी दिसतो, आणि कोणी व्हीपीएन लावतं किंवा इथे नवऱ्याला बटण दाबायला सांगतं, ते तर आणखी वाईट, कारण मग चूक राहत नाही, फ्रॉड होतो: पैसे परत, वर कमीत कमी १५ टक्के दंड, आणि फ्रॉडचा ठपका पुढे इमिग्रेशनच्या कागदांत नको तिथे डोकं वर काढतो. न घेतलेले आठवडे बुडत नाहीत, परत येऊन क्लेम परत सुरू करा, बेनिफिट इयर संपण्याच्या आत ते वापरता येतात. तुमचे पाच शिल्लक आहेत, तारीख बघून तिकीट काढा.

टॅक्सचं एका ओळीत: ईबीसुद्धा फेडरल टॅक्सला पात्र, न्यू जर्सीचा राज्य टॅक्स नाही, हवं तर आधीच १० टक्के कापून घ्यायला सांगता येतं.

२६ वा आठवडा झाल्यावर राज्य ऑन असेल तर सहसा पत्र किंवा पोर्टलवर मेसेज येतो, कधी वेगळा अर्ज भरायला लागतो, पण पत्राची वाट बघत सर्टिफाय करणं थांबवू नका. नकार आला तर त्यावर अपीलची तारीख छापलेली असते, ती महिन्यांत नाही, दिवसांत मोजायची असते, आणि अपील चालू असतानाही दर आठवड्याला सर्टिफाय करत राहायचं, कारण अपील जिंकल्यावर पैसे फक्त सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचे येतात. राज्य ऑन नसेल तर २६ नंतर ह्या खात्यातून काही नाही. मग मिडलसेक्स काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरला जाऊन ट्रेनिंगचं विचारा, न्यू जर्सीत मान्य ट्रेनिंगला जाणाऱ्यांसाठी जादा आठवड्यांचा वेगळा राज्याचा प्रोग्रॅम आहे, पण त्यासाठी लवकर, शक्यतो रेग्युलर आठवडे चालू असतानाच, नाव घालावं लागतं. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, म्हणजे हे नाशिकच्या आधी.